धुरांतला जासूद



एका अंगारकी चतुर्थीस मी जालन्याहून राजूरच्या गणपतीच्या दर्शनास निघालों होतों. बरोबर घरची मंडळी होती. मोटार पेट्रोलवर चालणारी, सन २००८ सालची, निवृत्त मास्तराच्या घरीं शोभेल इतकीच लहान. पंधरा वर्षें पुरीं झालीं तेव्हां तपासणी करवून तिची नोंदणी मीं पुन्हां करून घेतली होती, व म्हाताऱ्या बैलाचा असतो तसा तिचा मला थोडा अभिमानहि होता. शहर मागें पडलें आणि समोरच्या तक्त्यावर एंजिनाच्या आकृतीचा एक पिवळा दिवा लागला. गाडी अडली नाहीं, आवाज बदलला नाहीं, मागें काळा धूरहि दिसला नाहीं. दिवा मात्र दर्शन घेऊन घरीं परत येईपर्यंत तसाच जळत राहिला.

दुसऱ्या दिवशीं मीं गाडी मिस्त्रीकडे नेली. हा मनुष्य कामांत हुशार आहे व माझ्याशीं त्याचें वागणेंहि आदराचें आहे. त्यानें एक लहानसें तपासणीचें यंत्र गाडीस जोडलें, त्यावरचीं अक्षरें वाचलीं आणि सांगितलें, "सर, ऑक्सिजन सेन्सर गेला. नवा टाकायचा तर दोन-अडीच हजार जातील. नाहीं तर दिव्याची वायरच काढून टाकतों. सेन्सरवांचून गाडी चालते. पुष्कळ लोक तसेंच करतात."

खरें सांगावयाचें तर मीं होकार दिलाच होता. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या माणसास दोन-अडीच हजार रुपये कांहीं थोडे नव्हेत. परंतु मी मॅट्रिकपर्यंतच शिकलेला असलों तरी जन्मभर मुलांना इतिहास शिकवीत आलों; आणि इतिहास शिकविणाऱ्यास एक खोड जडते. कोणतीहि वस्तु पुढें आली कीं ती केव्हां आली, कां आली आणि तिच्या आधीं काय होतें, हे तीन प्रश्न त्याच्या मनांत उभे राहतात. जी वस्तु नसली तरी गाडी चालते, ती मुळांत बसविलीच कां? मीं मिस्त्रीकडून चार दिवसांची मुदत मागून घेतली. त्या चार दिवसांत जें वाचलें, आणि पांचव्या दिवशीं स्वतःच्या अंगणांत जें केलें, तें आज आपणांपुढें मांडीत आहें.

प्रथम ही वस्तु काय आहे तें पाहूं. चुलीपुढें बसलेल्या गृहिणीस ज्वलनाचें शास्त्र वेगळें शिकवावें लागत नाहीं. चुलींत लाकडें कोंबलीं आणि हवेस वाट राहिली नाहीं कीं घर धुरानें भरतें, हें तिला ठाऊक असतें. मोटारीचें एंजिन हीहि एक चूलच होय. एक भाग पेट्रोल पुरतेपणीं जळण्यास वजनानें सुमारें १४.७ भाग हवा लागते. हवा कमी पडली तर पेट्रोल अर्धें कच्चें राहतें व कार्बन मोनॉक्साइड नांवाचा विषारी वायु बाहेर पडतो; ह्या वायूस रंगहि नाहीं आणि वासहि नाहीं. हवा अधिक झाली तर धुरांत प्राणवायु शिल्लक राहतो. तेव्हां धुरांत प्राणवायु किती उरला हें ज्यास कळलें, त्यास चूल कशी पेटली आहे हेंहि कळलें.

हें ओळखण्याचें काम ऑक्सिजन सेन्सर करतो. तो दिसावयास स्पार्क प्लगासारखा असून धुराच्या नळीला आट्यांनीं बसविलेला असतो. त्याच्या आंत शिवणकामाच्या टोपणासारखें एक चिनी मातीच्या जातीचें टोपण असतें. तें झिर्कोनियाचें बनविलेलें असून त्याच्या दोन्ही अंगांस प्लॅटिनमचा अतिशय पातळ थर दिलेला असतो. एका अंगास धूर, दुसऱ्या अंगास बाहेरची स्वच्छ हवा. टोपण सुमारें ३०० अंशांहून अधिक तापलें कीं दोन्ही बाजूंच्या प्राणवायूंत जो फरक असेल त्याप्रमाणें त्यांत विजेचा दाब उत्पन्न होतो. धुरांत प्राणवायु नसल्यासारखाच असला तर हा दाब व्होल्टाच्या नऊ दशांशांपर्यंत चढतो. भरपूर असला तर एक दशांशापर्यंत उतरतो. एंजिनाचा लहानसा संगणक ही बातमी सारखी ऐकत असतो आणि त्याबरहुकूम पेट्रोलाची मात्रा कमीअधिक करतो. म्हणूनच मी ह्या वस्तूस जासूद म्हणतों. तो स्वतः कांहीं जाळीत नाहीं, कांहीं चालवीतहि नाहीं. तो केवळ खबर आणतो.

खबरीचें मोल आमच्या जालना जिल्ह्यास नवें नाहीं. जिल्ह्याच्या उत्तरेस भोकरदनच्या बाजूला असई नांवाचें गांव आहे. तेथें २३ सप्टेंबर १८०३ रोजीं शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या फौजेशीं जनरल वेलस्लीची लढाई झाली. फौज भोकरदनास आहे, अशी बातमी वेलस्लीस मिळाली होती. परंतु पुढें गेल्यावर अपेक्षेहून पुष्कळ अलीकडे, केळणा नदीच्या पलीकडे, सारी फौज त्याच्या दृष्टीस पडली. नदीला उतार नाहीं, असें वाटाड्यांनीं सांगितलें. पण नदीच्या दोन्ही कांठांस समोरासमोर दोन गांवें आहेत हें त्यानें पाहिलें, आणि जेथें अशीं गांवें आहेत तेथें उतार असलाच पाहिजे, असें अनुमान करून तो तेथून पार झाला. वर्गांत हा धडा शिकवितांना मी मुलांना सांगत असें, कीं बातमी ऐकावी, पण तिच्याबरोबर जमिनीवरच्या खुणाहि वाचाव्या. हें वाक्य पुढें माझ्याच कामास येईल अशी तेव्हां कल्पना नव्हती.

आतां ह्या जासुदाची जन्मकथा. तिचें मूळ मोटारींत नाहीं, एका दिव्यांत आहे. जर्मनींतील ग्योटिंगेन येथें वाल्थर नेर्न्स्ट नांवाचे रसायनशास्त्रज्ञ होते. एकाच पदार्थाचें प्रमाण दोन बाजूंस भिन्न असलें तर त्या फरकापासून विजेचा किती दाब निर्माण होतो, याचें समीकरण त्यांनीं १८८९ सालीं मांडलें. पुढें १८९७ मध्यें त्यांनीं एक विलक्षण दिवा तयार केला. त्यांतील कांडी झिर्कोनियाची होती. थंड असतांना तींतून वीज वाहत नसे, तापविली म्हणजे वाहूं लागे व कांडी लखलखीत प्रकाश देई. परंतु दिवा लावण्यापूर्वीं तो तापवावा लागे, ही अडचण लोकांस मानवली नाहीं. टंगस्टनच्या तारेचे दिवे आले आणि नेर्न्स्टचा दिवा अडगळींत गेला. १९२० सालचें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक त्यांस मिळालें तें उष्णताशास्त्रांतील कार्याबद्दल. समीकरणहि त्यांचें, मातीहि त्यांचीच. परंतु ह्या दोहोंची गांठ मोटारीच्या धुराच्या नळींत पडेल हें त्यांच्या स्वप्नींहि नसावें.

ती गांठ पडण्यास मधलीं पाऊणशें वर्षें लागलीं, आणि तीं कारण ठरलीं दोन अपराधांमुळें. पहिला अपराध शिशाचा. १९२१ सालीं अमेरिकेंत टॉमस मिज्ली यांस असें आढळलें, कीं पेट्रोलांत शिशाचें एक संयुग किंचित् मिसळलें तर एंजिनाची ठकठक थांबते. १९२३ पासून असें पेट्रोल विकूं लागले. १९२४ सालीं न्यू जर्सीमधील एका कारखान्यांत हें संयुग तयार करणारे कामगार भ्रमिष्ट होऊन दगावले. शिसें हें विष आहे, ही गोष्ट प्राचीन काळापासून माहीत होती. तरीहि विक्री थोड्या खंडानंतर पुन्हां सुरू झाली व जगभर पसरली. दुसरा अपराध अर्धवट ज्वलनाचा. लॉस एंजेलिस शहरावर डोळे झोंबविणारें धुकें उतरूं लागलें, तेव्हां आरी हागेन-स्मिट या मूळच्या डच शास्त्रज्ञानें १९५० नंतरच्या दोनतीन वर्षांत दाखवून दिलें, कीं मोटारींच्या धुरावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन हें धुकें बनतें.

शिशाविषयीं ज्यानें सर्वांत मोठी खबर आणली, त्याचें नांव क्लेअर पॅटरसन. पृथ्वीचें वय सुमारें ४५५ कोटी वर्षें आहे, हें १९५६ सालीं निश्चित करणारा तोच. हें वय शिशाच्या मोजणीवरून काढावयाचें होतें. परंतु कोणताहि नमुना घ्यावा तर त्यांत बाहेरचें शिसें मिसळलेलें आढळे. तें कोठून येतें याचा शोध घेतां घेतां तो पेट्रोलापर्यंत पोंचला. माणसाच्या शरीरांतील शिशाचें प्रमाण स्वाभाविक नसून तें माणसानेंच वाढविलेलें आहे, असें त्यानें १९६५ सालीं प्रसिद्ध केलें. त्याचें फळ काय मिळालें? १९७१ सालीं हवेंतील शिशाचा विचार करण्यास अमेरिकेंत तज्ज्ञांची समिति बसली, तींत ह्या विषयांतील अग्रगण्य माणसास स्थान मिळालें नाहीं. दिव्याची वायर काढून टाकण्याची युक्ति केवळ आमच्या मिस्त्रीसच सुचते असें नव्हे.

तथापि शिसें अखेर हटलें, आणि तें ज्या वाटेनें हटलें ती मोठी मौजेची आहे. १९७० सालीं अमेरिकेनें स्वच्छ हवेचा कडक कायदा केला. तो पाळण्यासाठीं १९७५ च्या मोटारींपासून धुराच्या वाटेवर कॅटेलिटिक कन्व्हर्टर बसविण्यांत येऊं लागला. मधाच्या पोळ्यासारखीं बारीक छिद्रें असलेली ही एक भट्टी होय; तिच्यांतील प्लॅटिनमसारख्या धातूंच्या स्पर्शानें विषारी वायूंचें रूप पालटतें. परंतु शिशाचा थर बसला कीं ह्या धातूंचा गुण जातो. म्हणून कन्व्हर्टर हवा असेल तर शिसेंविरहित पेट्रोल हवें, हें ओघानेंच आलें. शिसें मुलांच्या बुद्धीस मारक आहे, हें सांगणारे डॉक्टर आणि शास्त्रज्ञ होतेच. परंतु पंपावर शिसेंविरहित पेट्रोल प्रथम मिळूं लागलें तें मुख्यतः ह्या नाजुक यंत्रासाठीं. मुलांचें कल्याण झालें, पण यंत्राच्या मागोमाग झालें.

पुढील पायरी अधिक कठीण होती. धुरांतील दोन विषें अशीं, कीं त्यांस प्राणवायु द्यावा तेव्हां तीं निवतात. आणि नायट्रोजनचीं संयुगें अशीं, कीं त्यांचा प्राणवायु काढून घ्यावा तेव्हां तीं निवतात. एकाच भट्टींत हीं दोन्ही कामें साधावयाचीं तर हवा व पेट्रोल यांचें प्रमाण १४.७ च्या अगदीं जवळ राहिलें पाहिजे. एवढी अचूकता नुसत्या कार्ब्युरेटरास साधणारी नव्हती. अशा वेळीं नेर्न्स्टची माती अडगळींतून बाहेर आली. जर्मनींतील बॉश कंपनीनें तयार केलेला ऑक्सिजन सेन्सर १९७६ सालीं स्वीडनच्या व्होल्वो कंपनीनें अमेरिकेस पाठवावयाच्या मोटारींत प्रथम बसविला. दिवा म्हणून हरलेली वस्तु जासूद म्हणून जिंकली.

आमच्या देशांत हा जासूद आला तो न्यायालयाच्या वाटेनें. १ मे १९८१ रोजीं जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्या वेळीं आमच्या रस्त्यांवर ज्या थोड्या मोटारी दिसत, त्या बहुधा अँबेसेडर, जीप किंवा मुंबईंत कुर्ला येथें तयार होणारी प्रीमियर पद्मिनी. आणि पेट्रोल सर्वत्र शिसेंयुक्त. १९८५ सालीं एम. सी. मेहता या वकिलांनीं दिल्लीच्या प्रदूषित हवेविषयीं सर्वोच्च न्यायालयाकडे दाद मागितली. तो खटला वर्षानुवर्षें चालला. १ एप्रिल १९९५ पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास ह्या चार शहरांत नव्या पेट्रोल मोटारींस कन्व्हर्टर आवश्यक झाला व तेथें शिसेंविरहित पेट्रोल मिळूं लागलें. मात्र त्या वेळच्या कित्येक गाड्यांत कार्ब्युरेटरच होता; भट्टी होती, पण भट्टीस खबर देणारा जासूद नव्हता. मुंबईच्या नागरिकांनींहि धुराविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयांत याचिका केली होती; तींत १९९९ सालीं न्यायालयानें परिवहन आयुक्त व्ही. एम. लाल यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली. १ फेब्रुवारी २००० पासून साऱ्या देशांतून शिसेंयुक्त पेट्रोल बंद झालें, आणि त्याच वर्षींच्या १ एप्रिलपासून धुराचे नवे निर्बंध देशभर लागू झाले. याच सुमारास कार्ब्युरेटर जाऊन पेट्रोलाचा फवारा मोजून सोडणारीं एंजिनें रूढ झालीं, व त्यांच्याबरोबर ऑक्सिजन सेन्सर मध्यम वर्गाच्या दारांत येऊन उभा राहिला. कुर्ल्याच्या पद्मिनीचें उत्पादन त्याच संधीस थांबलें. तिच्या शेवटच्या टॅक्सीचा मुंबईंतील परवाना ऑक्टोबर २०२३ मध्यें संपला. आणि जगांतील शेवटच्या देशानें, म्हणजे अल्जीरियानें, मोटारीच्या पेट्रोलांतील शिसें सोडलें तें २०२१ सालीं. १९२३ पासून मोजल्यास ९८ वर्षें झालीं.

एवढें वाचल्यावर माझ्या प्रश्नाचें उत्तर मला मिळालें. सेन्सरवांचून गाडी चालते, हें मिस्त्रीचें म्हणणें खोटें नव्हे. खबर थांबली म्हणजे संगणक अंदाजानें, आणि सावधगिरीसाठीं सढळ हातानें, पेट्रोल सोडूं लागतो. गाडी धांवते; जादा पेट्रोल जळतें; कच्चा धूर भट्टींत जाऊन भट्टीहि हळूहळू निकामी होते. जें बिघडतें तें गाडीच्या मागें बिघडतें, आणि मालक पुढें बसलेला असतो. दिवा काढणें म्हणजे एका वकिलाची, एका शास्त्रज्ञाची आणि दोन न्यायालयांची मेहनत आपल्या अंगणांत, एका वायरीच्या तुकड्यासाठीं, रद्द करणें होय.

तेव्हां नवा सेन्सर आणून तो आपल्याच हातांनीं बसवावयाचें मीं ठरविलें. शेजारचा एक कॉलेजांत शिकणारा मुलगा मदतीस आला. जें केलें तें क्रमानें सांगतों. ज्यांस हातांत पाना धरण्याची संवय आहे त्यांस उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, जासुदावर आरोप सिद्ध झाल्याखेरीज त्यास शिक्षा देऊं नये. यंत्रानें सेन्सरचें नांव घेतलें म्हणजे सेन्सरच बिघडला असें होत नाहीं. धुराच्या नळीला त्याच्याआधीं चीर पडली असेल तर बाहेरची हवा आंत शिरते, व सेन्सर तीच खरी बातमी सांगतो. कधीं उंदरानें वायर कुरतडलेली असते, कधीं जोडणींत गंज चढलेला असतो. म्हणून आम्हीं असईची युक्ति केली. बातमीबरोबर खुणाहि पाहिल्या. नळी शाबूत होती, वायर धड होती, आणि जोडणी स्वच्छ करूनहि दिवा जाईना. मिस्त्रीकडे जाऊन मोजून घेतलें, तर एंजिन चांगलें तापल्यावरहि सेन्सरचा दाब हलत नव्हता. जासूद मुका झाला होता, यांत संशय उरला नाहीं.

दुसरी गोष्ट, काम उघड्यावर करावें. बंद पत्र्याच्या शेडमध्यें एंजिन क्षणभरहि चालूं ठेवूं नये. वर सांगितलेला कार्बन मोनॉक्साइड माणसास न कळत मारतो. गाडी सपाट जागीं उभी करून हातब्रेक ओढला व चाकांस अडसर लावले. आमच्या गाडींत सेन्सर बॉनेट उघडल्यावर समोरच हातास येतो. ज्या गाडींत तो खालच्या बाजूस असेल त्यांनीं नुसत्या जॅकच्या किंवा विटांच्या भरंवशावर गाडीखालीं जाऊं नये. तें काम गॅरेजवरच सोपवावें. मग बॅटरीची ऋण बाजूची तार सोडविली.

तिसरी गोष्ट धीराची. धुराची नळी वर्षानुवर्षें तापते व निवते. त्यामुळें सेन्सरचे आटे तिच्यांत जणूं वितळून बसतात. आदल्या रात्रीं आट्यांच्या मुळाशीं गंज सोडविणारें तेल सोडून ठेवलें होतें. सकाळीं एंजिन थोडेंसें, हात भाजणार नाहीं इतकेंच कोमट केलें व पुन्हां बंद केलें, कारण कोमट धातु सैल पडतो. वायरीची जोडणी सोडविली. सेन्सरला २२ मिलिमीटरचा पाना लागतो. वायर आंत राहावी म्हणून एका बाजूस चीर असलेला पाना मिळतो, तो मागून आणला होता. हिसके न देतां सारखा जोर लावला. प्रथम कांहींच हललें नाहीं. पुन्हां तेल सोडून चहा घेतला. दुसऱ्या खेपेस 'कट्' असा आवाज झाला; माझ्या छातींत धस्स झालें, वाटलें मुंडकेंच तुटलें; परंतु तो आटा सुटल्याचा आवाज होता. बाहेर निघालेल्या सेन्सरचें टोंक काजळीनें माखलेलें होतें.

चौथी गोष्ट स्वच्छतेची. नव्या सेन्सरच्या टोंकास बोट लावूं नये, तेल किंवा वंगण लागूं देऊं नये. पुढच्या वेळीं सहज सुटावा म्हणून आट्यांना लावावयाचा लेप मिळतो. नव्या सेन्सरला तो कारखान्यांतून लावून आला नसेल तरच लावावा, आणि तो आट्यांपुरताच असावा. प्रथम हातानेंच दोनचार फेरे फिरवावे. आटे वांकडे चढले तर सेन्सरबरोबर नळीहि जाते. शेवटीं पान्यानें बेताचा ताण द्यावा. किती, तें गाडीच्या पुस्तकांत पाहावें. जोडणी बसविली, वायर तप्त नळीपासून दूर बांधली, बॅटरीची तार लावली. मिस्त्रीकडे जाऊन जुनी नोंद पुसून घेतली. तो हंसला व म्हणाला, "सर, तुम्हीं माझा धंदा बुडविणार." त्यानें पैसे घेतले नाहींत. दिवा गेला, आणि अद्याप पुन्हां लागलेला नाहीं.

पुढील आठवड्यांत धुराची तपासणी करून प्रमाणपत्र घेतलें. जुन्या कार्ब्युरेटरच्या मोटारींस धुरांत शेंकडा ३ भाग कार्बन मोनॉक्साइडची मुभा होती. नंतरच्या गाड्यांस ती शेंकडा अर्ध्या भागावर आली. तीनाचें अर्धें करण्याच्या ह्या कामांत त्या अंगठ्याएवढ्या टोपणाचा वांटा फार मोठा आहे.

कोणी म्हणेल, मास्तर, तुमच्या एका गाडीनें जालन्याची हवा काय सुधारणार? आक्षेप रास्त आहे. केंद्र सरकारनें २०१९ सालीं राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. हवेच्या ठरीव मानास न उतरणाऱ्या शहरांच्या त्याच्या यादींत जालन्याचें नांव आहे. लोखंड वितळविणाऱ्या भट्ट्यांचें व बियाण्यांचें गांव म्हणून ज्या जालन्याचा लौकिक, त्याचें नांव अशाहि यादींत यावें याचें वाईट वाटतें. रस्त्यावरची धूळ आहे, जाळलेला कचरा आहे, ट्रकांची रांग आहे. माझ्या सेन्सरनें त्यांतलें कांहींच कमी होत नाहीं. पुढेंमागें विजेच्या मोटारी आल्यावर हा सेन्सरहि नेर्न्स्टच्या दिव्याप्रमाणें अडगळींत जाईल. परंतु यादी म्हणजे तरी काय? तोहि एक पिवळा दिवाच आहे. घरच्या दिव्याची वायर काढून टाकण्याची संवय ज्यांस लागली, त्यांस शहराचा दिवा बोचेनासा होतो.

शेवटीं एक गोष्ट सांगतों. ती मीं आजवर कोणास सांगितलेली नाहीं. मी एका खेड्यांतल्या शाळेवर असतांना वर्गांत एक मुलगा होता. तो रोज उठून सांगे, "गुरुजी, टाकीच्या पाण्याला वास येतो." इतर मुलें हंसत. मला वाटे, अभ्यास टाळण्याचा हा बहाणा आहे. एके दिवशीं मीं त्यास दरडावून खालीं बसविलें, आणि तो पुन्हां बोलला नाहीं. आठ दिवसांनीं टाकी धुवावयास काढली तेव्हां तळाशीं मेलेलें कबूतर निघालें. कोणास कांहीं बाधा झाली नाहीं, हें त्या मुलांचें दैव. मीं त्या मुलाची क्षमा मागावयास हवी होती. मास्तरपणाच्या ताठ्यांत ती मागितली नाहीं. शाळा सुटली, मुलगा मोठा होऊन कोठें गेला तें मला ठाऊक नाहीं.

राजूरच्या वाटेवर तो पिवळा दिवा लागला, आणि मिस्त्री म्हणाला कीं वायर काढून टाकूं, तेव्हां मीं होकार देऊनहि मुदत कां मागितली, याचें खरें कारण इतिहासाची खोड हें नव्हे. मला तो मुलगा उभा दिसला.